बिनतारी अंतरमापक व त्याची शुद्धि

मोजणीची साखळी ताणून लांब झाली कीं क्षेत्र कमी भरतें, व कड्या वांकून आंखूड झाली कीं जास्त भरतें, हें आमच्या खातेदार वाचकांस ठाऊक आहेच. तोच न्याय हल्लींच्या बिनतारी अंतरमापक यंत्रांसही लागू आहे.

बिनतारी लहरींनीं जमीन मोजण्याची युक्ति अगदींच नवी नाहीं. दक्षिण आफ्रिकेंतील वॅडली यांचें टेल्यूरोमीटर हें यंत्र १९५७ सालीं प्रचारांत आलें. आजचीं अल्ट्रा-वाइडबँड मॉड्यूलें मात्र तळहातावर मावतात. एका मॉड्यूलानें हांक द्यावी, दुसऱ्यानें ओ द्यावी, अशी ही रीत आहे. एकूण लागलेल्या वेळांतून दुसऱ्यानें उत्तरास लावलेला वेळ वजा करून बाकी निम्मी केली म्हणजे एका वाटेचा वेळ निघतो. लहर सेकंदास सुमारें ३० कोटि मीटर धांवते. म्हणून सेकंदाच्या एक अब्जांशाची चूक म्हणजे ३० सेंटिमीटर, अर्थात् सुमारें एक फूट.

यंत्राच्या आंतील मार्गांत व अँटेनांतही लहरीस वेळ लागतो, आणि तो प्रत्येक मॉड्यूलांत थोडा निराळा असतो. तो बरोबर वजा न झाल्यास प्रत्येक अंतरांत सारखीच चूक शिरते. समजा, ६६ फूट रुंद व ३३० फूट लांब अशी २० गुंठ्यांची पट्टी आहे. दोन्ही बाजू दोन दोन फूट जास्त दिसल्या तर क्षेत्र ७९६ चौरस फुटांनीं, म्हणजे जवळ जवळ पाऊण गुंठ्यानें, फुगतें. बांधावरून भाऊबंदांत वितुष्ट येण्यास एवढें पुरे आहे.

शुद्धीची रीत अशी. क, ख, ग अशीं तीन मॉड्यूलें घ्यावीं. मोकळ्या जागीं पुरुषभर उंचीच्या लांकडी खांबांवर दोन दोन बसवून चांगल्या टेपनें ठीक १० मीटर अंतर ठेवावें. मध्यें माणूस, बैल किंवा जवळ लोखंडी फाटक नसावें. प्रत्येक जोडीचे निदान शंभर आंकडे टिपून सरासरी काढावी. क-ख जोडी ६० सेंटिमीटर, क-ग ५० व ख-ग ७० जास्त दाखवील, तर पहिल्या दोहोंची बेरीज ११०. तींतून ७० वजा जातां ४०. त्याचे निम्मे २०, हा क चा दोष. अर्थात् ख चा ४० व ग चा ३०. हे दोष ज्याच्या त्याच्या नांवें यंत्रांत भरावे.

नंतर २० व ५० मीटरांवर ताळा पाहावा. चूक अंतराबरोबर वाढत असेल, तर प्रथम टेप तपासावी. आंकडे फार विखुरले, तर लहर कशावर तरी आदळून परत येत आहे असें समजावें. दोन यंत्रांच्या घड्याळांच्या गतींत फरक असतोच. यास्तव हांक व उत्तर दोन्ही बाजूंनीं करणारी पद्धत निवडावी.

कुंपण, नळ किंवा ठिबकाचा अंदाज करण्यास असें शुद्ध केलेलें यंत्र उपयोगी पडेल. हद्दीच्या वादांत मात्र भूमि अभिलेख खात्याची मोजणीच घ्यावी.