आधी ताबा, मग संख्या : पिलाटेस आरंभण्यापूर्वी

शाळेच्या एका व्यायामशिक्षकांच्या स्मरणार्थ निघणाऱ्या या पुस्तिकेत मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने पिलाटेसविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु त्याला कारण आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आता साठीच्या आगेमागे आहेत. कंबर धरते, मान आखडते आणि मग कोणीतरी सुचविते की, पिलाटेस करून पाहा. गेली तीन वर्षे मी स्वतः एका जाणत्या शिक्षिकेच्या देखरेखीखाली या पद्धतीचा अभ्यास करीत असल्याने अशा मंडळींच्या शंका माझ्याकडे येतात. त्यांतील पहिली शंका बहुधा एकच असते : ‘रोज किती करायचे?’ हा प्रश्न आपल्या संस्कारांतून आलेला आहे, परंतु या पद्धतीत तो पहिला प्रश्न नव्हे. पहिला कोणता, हे सांगण्यासाठी हा लेख.

वडोद्याच्या मराठी माणसाला व्यायामाचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. जुम्मादादांची व्यायामशाळा, प्रो. माणिकरावांचे कार्य आणि दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी याच नगरीतून दहा खंडांत सिद्ध केलेला मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा आपला वारसा आहे. या परंपरेत जोर, बैठका आणि नमस्कार यांची गणना होते. पन्नासाचे शंभर झाले की प्रगती झाली, असे आपण मानत आलो. मात्र त्याच परंपरेने व्यायामाच्या जागेला ‘तालीम’ म्हटले, हे आपण विसरतो. ‘तालीम’ हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ शिकवण. तेथील प्रमुख तो ‘वस्ताद’, म्हणजे उस्ताद, गुरू. घाम गाळण्याच्या जागेला शिक्षणाचे नाव देणाऱ्या समाजाला व्यायाम ही आधी शिकण्याची गोष्ट आहे, हे ठाऊक होते. पिलाटेसचे मर्मही तेच आहे.

पिलाटेस हे माणसाचे आडनाव आहे. त्याचा उच्चार बरेचजण ‘पिलाटीझ’ असाही करतात. जोसेफ पिलाटेस यांचा जन्म १८८३ साली जर्मनीतील म्योन्शनग्लाडबाख येथे झाला. लहानपणी प्रकृती नाजूक असल्याने त्यांनी नाना प्रकारच्या व्यायामांचा अभ्यास केला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध करण्यात आले आणि त्या काळातील बराचसा भाग त्यांनी आइल ऑफ मॅन या बेटावरील छावणीत काढला. तेथे आजारी माणसांच्या खाटांना स्प्रिंगा लावून त्यांनी व्यायामाची साधने बनविली, अशी कथा सांगितली जाते. १९२६ साली ते अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्कमध्ये एट्थ अॅव्हेन्यूवर त्यांनी व्यायामशाळा काढली. दुखापत झालेले नर्तक त्यांच्याकडे येऊ लागले. जॉर्ज बॅलन्शिन आणि मार्था ग्रॅहम यांच्यासारख्या नृत्याचार्यांचाही त्यांच्याशी संबंध आला. १९६७ साली त्यांचे निधन झाले.

आपल्या पद्धतीला त्यांनी स्वतः ‘कंट्रोलॉजी’ असे नाव दिले होते. तिला पिलाटेस हे नाव रूढ झाले ते पुढे. कंट्रोलॉजी म्हणजे शरीरावरील ताब्याचे शास्त्र. येथे भाषेच्या अभ्यासकाला आपल्याच शब्दाची आठवण होते. ‘व्यायाम’ हा शब्द ‘यम्’ या धातूपासून आला आहे. ‘आयाम’, ‘संयम’ आणि ‘नियमन’ हे त्याचेच सोयरे. ‘व्यायाम’ या शब्दात ताणण्याचा, विस्तारण्याचा अर्थ आहे, तसा त्या धातूत आवरून धरण्याचाही आहे. शरीर ताणावे, पण ते ताणताना आवरूनही धरावे, ही दुहेरी क्रिया पिलाटेसच्या प्रत्येक हालचालीत असते. म्हणून आरंभी विचारावयाचा प्रश्न ‘किती?’ हा नसून ‘कसे?’ हा आहे.

पिलाटेस यांच्या १९४५ सालच्या पुस्तकात जमिनीवर करावयाचे चौतीस व्यायाम आहेत. त्यांतील पहिल्याचेच नाव ‘हंड्रेड’, म्हणजे शंभर. उताणे निजून, डोके व खांदे उचलून, पाय अधांतरी धरून, सरळ हात शरीरालगत वरखाली हलवावयाचे. पाच आंदोलनांत श्वास घ्यावयाचा, पाचांत सोडावयाचा, अशी दहा आवर्तने. नाव ऐकताच आपल्यातील जुना जोर-बैठकवाला उत्साहाने शंभर पुरे करावयास धावतो. खुद्द पिलाटेस यांनी मात्र नवशिक्याने विसांपासून आरंभ करावा आणि पाचपाचांनी वाढवीत जावे असे सांगितले आहे. आजचे शिक्षक तर गुडघे वाकवून, पावले जमिनीवर टेकवून आणि डोके खाली ठेवूनच आरंभ करावयास लावतात. मान दुखू लागली, पोट फुगून वर आले किंवा कंबर जमिनीवरून कमानीसारखी उचलली गेली, की ताबा सुटला असे समजावे. त्यानंतर केलेली आवर्तने चुकीची सवय घट्ट करतात.

पहिल्या काही आठवड्यांत शिकावयाच्या गोष्टी दिसावयास फार किरकोळ आहेत. गुडघे वाकवून उताणे निजल्यावर कमरेखाली राहणारी स्वाभाविक पोकळी ओळखणे, ही पहिली. ती पोकळी दाबून नाहीशी करावयाची नाही, की वाढवावयाचीही नाही. हात डोक्यावरून मागे नेताना खांदे कानांकडे चढू न देणे, ही दुसरी. एक पाय हलविताना कटी स्थिर ठेवणे, ही तिसरी. बाहेरून पाहणाऱ्याला हा व्यायाम चालला आहे की विश्रांती, असा प्रश्न पडावा, इतक्या या हालचाली लहान असतात. त्या कंटाळवाण्या समजून पुढे पळणारा मनुष्य मुळाक्षरे न गिरवता निबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यासारखा होय.

श्वासाविषयी योगाभ्यासी वाचकांना विशेष सांगावयाचे आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मूळबंध, जालंधर आणि वोढियाणा या बंधांचे वर्णन आहे. पिलाटेसमध्ये पोट आत ओढावयास सांगितले, की आपल्याकडील अनेकांना वोढियाणा, म्हणजेच उड्डियान बंध आठवतो. साम्य वरवरचे आहे. उड्डियान बंध श्वास बाहेर रोखून केला जातो. पिलाटेसमध्ये बेंबी पाठीच्या कण्याकडे हळुवारपणे ओढलेली असताना श्वास अखंड चालू ठेवावयाचा असतो. पोट आत धरलेले असल्याने श्वास बरगड्यांत, दोन्ही बाजूंना आणि पाठीकडे भरतो. जोर लागणारी हालचाल बहुधा श्वास सोडताना करतात. श्वास कोंडून जोर लावल्यास रक्तदाब एकदम चढतो. ज्यांना रक्तदाबाचा विकार आहे, त्यांनी तरी हा भेद कधीही विसरू नये.

साधनांविषयीही गैरसमज आहेत. ‘रिफॉर्मर’ हे या पद्धतीचे प्रसिद्ध यंत्र म्हणजे स्प्रिंगांना जोडलेली, रुळांवर मागेपुढे सरकणारी एक खाटच. ते पाहून नवखा मनुष्य बिचकतो आणि आधी सतरंजीवरचे सोपे करू, यंत्राचे अवघड पुढे पाहू, असे ठरवितो. वस्तुतः कित्येक व्यायामांत स्प्रिंगा शरीराला आधार देतात आणि सतरंजीवर मात्र सारा भार स्वतःच सांभाळावा लागतो. स्प्रिंग हलकी केली की व्यायाम सोपा होतो, हेही नेहमी खरे नाही. काही वेळा आधार कमी झाल्याने तोल राखणे अधिक कठीण होते. घरी आरंभ करणाऱ्याला मात्र न घसरणारी, थोडी जाड सतरंजी आणि सैल पण लोंबणारे नव्हेत असे कपडे एवढे पुरते. जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्यावेत.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या सूचनेकडे वळतो. पिलाटेस यांच्या मूळ चौतीस व्यायामांत पाठ गोल करून पुढे वाकण्याचे आणि पाठीवर चेंडूसारखे लोळण्याचे बरेच प्रकार आहेत. तरुण नर्तकाला ते मानवतात. हाडे विरळ झालेल्या माणसाला तेच घातक ठरू शकतात, कारण कणा पुढे वाकला की मणक्यांच्या पुढच्या भागावर दाब येतो आणि ठिसूळ मणका चेपतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १९८४ साली अस्थिविरळतेने पीडित अशा ५९ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के स्त्रियांत मणक्यांची नवी झीज वा मोड आढळली. केवळ पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ८९ टक्के होते. हा दुसरा गट अवघा नऊ जणींचा होता, म्हणून आकड्यांवर फार भार देऊ नये. परंतु त्यातून निघालेली सावधगिरी आजही पाळली जाते. रजोनिवृत्ती झालेल्या भगिनींनी, साठी ओलांडलेल्या बंधूंनी आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेल्यांनी वर्गात नाव घालण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि त्यांनी सांगितल्यास हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी. हाडे विरळ निघाली म्हणून पिलाटेस वर्ज्य होत नाही. पुढे वाकण्याचे, लोळण्याचे आणि जोराने पिळण्याचे प्रकार गाळून बाकीचे करता येतात.

काचबिंदू असणाऱ्यांनी पाय डोक्यावरून नेण्याचे, डोके खाली जाईल असे प्रकार टाळावेत, कारण त्याने डोळ्यांतील दाब वाढतो. गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांच्या संमतीनेच आरंभ करावा. कोणालाही व्यायाम करताना तीव्र कळ आली, पायात मुंग्या उतरल्या किंवा चक्कर आली, तर तेथेच थांबावे. स्नायूंना येणारा थकवा आणि सांध्यांत वा कण्यात उठणारी कळ यांतील भेद ओळखणे, हाही अभ्यासाचाच भाग आहे.

हे सारे पारखून घेणारा शिक्षक हवा, म्हणून शिक्षकाची निवड महत्त्वाची. अमेरिकेतील एका न्यायालयाने २००० साली ‘पिलाटेस’ हा शब्द योगासारखाच सर्वसाधारण नाम आहे, त्यावर कोणा एकाची व्यापारी मालकी असू शकत नाही, असा निर्णय दिला. त्यामुळे पद्धतीचा प्रसार मोकळा झाला. पण केवळ पाटीवरील नावावरून शिक्षकाची योग्यता कळत नाही. शिक्षण कोठे आणि किती काळ घेतले, हे नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे. चांगल्या शिक्षकाची एक खूण सांगतो : तो पहिल्या दिवशी तुमच्याकडून काही करवून घेण्यापूर्वी तुम्हाला प्रश्न विचारतो. जुनी दुखणी, शस्त्रक्रिया, औषधे यांची चौकशी न करता जो थेट ‘हंड्रेड’ला बसवितो, त्याच्या वर्गातून नमस्कार करून बाहेर पडावे. पंचवीस-तीस जणांच्या घोळक्यात नवशिक्याच्या चुका दिसत नाहीत. प्रारंभी वर्ग लहान असलेला बरा.

फळाची अपेक्षाही वाजवी असावी. कंबरदुखीच्या संदर्भात पिलाटेसवर झालेल्या प्रयोगांचा कॉक्रेन संस्थेने २०१५ साली आढावा घेतला. काहीच विशेष न करण्यापेक्षा पिलाटेसने वेदना व अडचण कमी होते, परंतु इतर व्यायामांहून ते श्रेष्ठ असल्याचा निर्णायक पुरावा नाही, असा त्याचा मथितार्थ आहे. वजन उतरविणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. हृदयाला लागणारा व्यायामही त्याने पुरेसा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. तेव्हा पिलाटेस सुरू केले म्हणून कमाटीबागेतील सकाळची फेरी कोणी सोडू नये. बसताना, उठताना, जिना चढताना आणि जमिनीवरील वस्तू उचलताना शरीर कसे सावरावे, ही जाण पिलाटेस देते. उतारवयात तिचे मोल मोठे आहे. पडण्याची भीती बाळगणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको.

म्हणून ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे, मग शिक्षक निवडावा, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस, थोडा वेळ, न चुकता अभ्यास करावा. पहिले तीन महिने आवर्तने मोजू नयेत. एक हालचाल श्वास न कोंडता, मान न ताणता, कंबर न सोडता पूर्ण झाली, तर त्या दिवसाचा अभ्यास सार्थकी लागला. दुसरी तशीच करता आली तर करावी. न आली तर उठून सतरंजी गुंडाळावी. उद्याचा दिवस आहेच.