कुत्र्या-मांजरांचे मूत्रविकार : ओळख आणि उपचार



पनवेल तालुक्यातल्या तळोजा औद्योगिक वसाहतीत २०१७ सालच्या ऑगस्ट महिन्यात काही भटकी कुत्री चक्क निळी दिसू लागली. कारखान्यातला रंग त्यांच्या अंगावर बसला होता. निळ्या कुत्र्यांची छायाचित्रे देशोदेशी छापून आली, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्याचे काम बंद करायला लावले. कातडीचा रंग बदलला की तो जगाला दिसतो. पण त्याच जनावराच्या लघवीचा रंग बदलला, तर तो कोण पाहतो? कित्येकदा घरचा धनीसुद्धा पाहत नाही. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

लघवी मूत्रपिंडात तयार होते, मूत्राशयात साठते आणि मूत्रमार्गाने बाहेर पडते. या वाटेने जंतू वर चढले की मूत्राशयाला सूज येते. हे जंतू बहुधा जनावराच्या स्वतःच्याच आतड्यातले असतात. मादी कुत्रीचा मूत्रमार्ग आखूड व रुंद, म्हणून हा विकार नरापेक्षा तिला अधिक होतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना आजार किंवा मुतखडा असेल तर जंतूंना आयतेच घर मिळते.

मग ओळखायचे कसे? जनावर पुन्हापुन्हा लघवीला बसते, पण दोन-चार थेंबच पडतात. लघवी लालसर किंवा गढूळ दिसते, तिला उग्र वास येतो. जनावर सारखी ती जागा चाटते. एरवी शहाणे असलेले कुत्रे घरात लघवी करू लागते. अशा वेळी त्याला मारू नका; ती खोडी नसते, दुखणे असते. ताप आला, खाणे सुटले, उलट्या होऊ लागल्या, तर आजार मूत्रपिंडापर्यंत गेल्याचा संशय घ्यावा. मादी कुत्री माजावर येऊन महिना-दोन महिने झाले असतील आणि ती खूप पाणी पीत असेल, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तोही प्राणघातक आजार आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट नीट ध्यानात घ्या. थेंबथेंब लघवी होणे निराळे आणि लघवी अजिबात बंद होणे निराळे. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. त्यात खडा किंवा चिकट गाळ अडकला की लघवी तुंबते, रक्तात विषारी द्रव्ये साठतात आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडते. बोका ओरडतो, कुंथतो. घरच्यांना वाटते, बद्धकोष्ठ झाले. इथेच घात होतो. धन्याचे पाणी पाजून सकाळची वाट पाहू नका. पोट दाबूही नका, मूत्राशय फुटेल. त्याच घटकेला दवाखाना गाठा.

शेळ्या पाळणाऱ्यांनीही हे ऐकावे. लहानपणी खच्ची केलेल्या बोकडाचा मूत्रमार्ग अरुंदच राहतो. त्याला मका, कोंडा असा खुराक जास्त आणि चारा-पाणी कमी मिळाले, की खडे धरतात. बोकड शेपटी हलवत कुंथत उभा राहिला, तर तोही तातडीचाच रोगी समजावा.

दवाखान्यात पशुवैद्य आधी लघवी तपासतात. नमुना घरून न्यायचा तर स्वच्छ, कोरड्या ताटलीत मधली धार धरावी, बाटलीत भरून लगेच पोहोचवावी. उशीर होणार असेल तर बाटली थंड ठेवावी. सूक्ष्मदर्शकाखाली पू, रक्त, जंतू दिसतात. नेमका जंतू कोणता आणि त्याला कोणते औषध लागू पडते हे पाहायचे, तर पशुवैद्य सुईने थेट मूत्राशयातून नमुना घेतात. खड्याचा संशय असला तर क्ष-किरण किंवा सोनोग्राफी करतात.

एवढा खटाटोप कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर साधे आहे. तरुण मांजरांत लघवीच्या तक्रारीमागे पुष्कळदा जंतू नसतातच. तिथे जंतुनाशक गोळ्यांचा काही उपयोग नाही. उलट औषध कारणाविना दिले, की जंतू त्याला दाद देईनासे होतात. साध्या जंतुविकारात हल्ली तीन ते पाच दिवसांचे औषधही पुरते. पण किती दिवस द्यायचे ते पशुवैद्य ठरवतील. दुसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून गोळ्या थांबवू नका, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या खेपेसाठी राखू नका. आजार फिरून फिरून आला, तर मूळ कारण शोधलेच पाहिजे.

आणि माणसांची औषधे जनावरांना मुळीच देऊ नका. आपण तापावर घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनने कुत्र्याचे मूत्रपिंड बिघडते.

घरी करण्याजोगे एवढेच : ताजे, स्वच्छ पाणी नेहमी समोर असावे, कुत्र्याला वेळच्या वेळी बाहेर न्यावे, मांजराची मातीची पाटी रोज साफ करावी. लघवी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. उंदीर-कुत्र्यांच्या लघवीतून लेप्टोचा आजार माणसालाही होतो, विशेषतः पावसाळ्यात.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. ज्या मुलांच्या घरी कुत्रे, मांजर वा शेळी आहे, त्यांना आठवडाभर एक वही ठेवायला सांगा : जनावर पाणी किती प्याले, लघवीला किती वेळा गेले, रंग कसा होता. निरोगी जनावराची रीत एकदा कळली, की बिघाड पहिल्याच दिवशी लक्षात येतो. मग जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना आहेच. फिरत्या पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांकही भिंतीवर लिहून ठेवा. मुक्या जीवाला आपले दुखणे सांगता येत नाही. ते आपणच पाहायला हवे.