बाइकच्या जादा वायरिंगसाठी फ्यूज बॉक्स कसा निवडाल?

बॅटरीच्या प्लसच्या बोल्टवर एकेक थिंबल चढत जातं. आधी मोबाइल चार्जर, मग फॉग लाइट, मग मोठा हॉर्न, मग ट्रॅकर. शेवटी बोल्ट दोन आट्यांवर कसाबसा तगून राहतो आणि सीट बसवताना वायरींचा गुंता हाताने दाबावा लागतो. वेगळा फ्यूज बॉक्स बसवायला इतकं थांबायची गरज नसते; दुसरी वस्तू लावतानाच तो बसवून घ्यावा.

फ्यूज राखतो कोणाला?

वायरला. लाइट जळायचा असेल तर फ्यूज असूनही जळतो. बाइकची बॅटरी छोटी, ८-९ अँपिअर-अवरची असली तरी शॉर्ट झाल्यावर शंभराहून जास्त अँपिअर सहज ओतते. बारीक वायर तेवढ्यात काही सेकंदांत तापून लाल होते, आणि तीही पेट्रोलच्या टाकीखाली. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा. बॅटरी ते फ्यूज या तुकड्याला वाली नसतो, तो जितका आखूड तितका बरा. बॉक्समधले छोटे फ्यूज या मुख्य फ्यूजनंतर येतात, त्याच्याऐवजी नव्हे.

हिशेब

वॅटला १२ ने भागलं की अँपिअर मिळतात. ४० वॅटचे दोन लाइट म्हणजे ८० वॅट, साधारण ६.७ अँपिअर. फ्यूजवर सतत जाणारा भार त्याच्या आकड्याच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा, म्हणजे इथे १० अँपिअरचा लाल फ्यूज आणि निदान १ चौरस मिलिमीटरची वायर; इंजिनाच्या उष्णतेजवळून जाणार असेल तर दीडची. १८ वॅटच्या चार्जरला ५ अँपिअरचा बदामी फ्यूज पुरतो. बदामी आणि साडेसातचा तपकिरी दुकानातल्या मंद उजेडात सारखेच दिसतात, तेव्हा रंगावर न जाता डोक्यावरचा आकडा वाचा. १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा.

१० चा फ्यूज १० अँपिअरला तुटत नाही. ११ अँपिअर तो तासन्तास सोसतो, साडेतेराला तुटायला १० मिनिटांपर्यंत लावू शकतो आणि दुप्पट भार आला की मात्र ५ सेकंदांत जातो. त्यामुळे ‘सारखा उडतो’ म्हणून लालच्या जागी हिरवा बसवणारा मेकॅनिक भेटला तर गाडी तिथून काढलेली बरी.

फ्यूजला न दिसणारा दोष

जादा वायरिंग जळाल्याच्या तक्रारींत भार जास्त होता असं सगळे म्हणतात. माझा पहिला संशय सैल जोडावर असतो. समजा, एका जोडात ०.१ ओहम रोध आलाय आणि त्यातून ८ अँपिअर चालू आहेत. तेवढ्या एका टिंबावर ६.४ वॅट उष्णता साठते. प्लास्टिक मऊ पडतं, पकड आणखी सैल होते, उष्णता आणखी वाढते. फ्यूजमधून मात्र ८ च अँपिअर जात असतात, त्यामुळे तो उडण्याचं काही कारणच नसतं.

म्हणूनच घरच्या वायरिंगमधली पांढरी कनेक्टर पट्टी बाइकला नको. तिचा स्क्रू वायरीच्या तारांवर थेट घासतो, काही तारा तुटतात, आणि सिंगल सिलिंडरच्या थरथरीत उरलेल्यांवरची पकड ढिली होते. टोकाला शिसं लावून कडक करण्याची युक्ती तर आणखी वाईट. ते मऊ शिसं दाबाखाली हळूहळू सरकतं आणि आवळलेला स्क्रू आपोआप सैल होतो. स्क्रूचा ब्लॉक घ्यायचाच असेल तर वायरीला गोल थिंबल क्रिम्प करा. नाहीतर खालून ६.३ मिलिमीटरची चपटी पिन बसणारा बॉक्स घ्या.

कोणता बॉक्स घ्यावा?

साधा बॉक्स म्हणजे एक प्लस आणि चार-सहा खाचा. त्याच्या वरच्या प्रकारात मायनसची पट्टीही असते. ती असलेलाच घ्यावा, कारण रंगवलेल्या चासीला ठिकठिकाणी अर्थ देत बसलं की सैल जोडांची संख्या वाढते. काहींमध्ये चावीबरोबर बॉक्स चालू-बंद करणारा रिले आतच असतो. महागड्या प्रकारात फ्यूजच नसतात, सगळं इलेक्ट्रॉनिक. ते देखणे असतात, पण लांबच्या प्रवासात बिघडले तर रस्त्यात कोण उघडणार? चार पायांचा साधा रिले चिपळूणलाही मिळेल. माझं मत सहा खाचा, मायनस पट्टी आणि बाहेर वेगळा रिले या जोडीला. बॉक्समधल्या फ्यूजचं माप गाडीच्या मूळ फ्यूजचंच ठेवा, बहुतेक मिनी ब्लेड. म्हणजे जवळ एकच पुडी बाळगावी लागते.

रिलेची जोडणी

३० वर बॅटरी (मुख्य फ्यूजमार्गे), ८७ वर बॉक्स, ८५ अर्थ आणि ८६ वर टेल लाइटची वायर. कॉइल जेमतेम ०.२ अँपिअर घेते, मूळ वायरिंगला ते जाणवतही नाही. चावी बंद केली की बॉक्स बंद. ट्रॅकरला मात्र बॅटरीवरून वेगळा फ्यूज द्या, नाहीतर चोरीच्या वेळीच तो झोपलेला असायचा.

गाडी पुरवते किती?

१ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर सतत पेटता असतो, तेव्हा शिल्लक वीज आधीच कमी. सगळं चालू करून, ब्रेक दाबून, आयडलिंगला बॅटरीवर मीटर लावा. १३ व्होल्टच्या खाली गेलं तर सिग्नलवर उभं असताना तुम्ही बॅटरी पीत आहात.

जागा

सीटखाली. हेडलाइटमागे पाऊस आणि सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पंप दोन्ही थेट पोचतात. वायरी खालून वर बॉक्समध्ये शिराव्यात, म्हणजे पाणी वायरीच्या बाकावरूनच खाली गळतं.

बसवून झाल्यावर

सगळे लाइट लावून गाडी १० मिनिटं चालू ठेवा. फ्यूज जागेवरच तपासता येतो. त्याच्या डोक्यावर दोन बारीक उघडी टोकं असतात, दोन्हींवर टेस्टर पेटला की फ्यूज शाबूत. मग गाडी बंद करून एकेका जोडाला बोट लावा. बाकीचे कोमट आणि एकच चटका देणारा असेल तर ते थिंबल कापून टाका आणि नवं क्रिम्प करा. नुसता स्क्रू आवळून भागवू नका.