रानातील पायवाटा, धावपटू आणि वनसंवर्धन : सिंगालीलाचा धडा

गेल्या दोन-तीन दशकांत 'ट्रेल रनिंग' हा क्रीडाप्रकार जगभर वेगाने रुजला आहे. डांबरी रस्ता किंवा मैदान सोडून डोंगर, जंगल व माळ यांतील नैसर्गिक पायवाटांवरून लांब अंतर धावणे, हे त्याचे स्वरूप होय. फ्रान्समधील शामोनी येथून सुरू होणारी, माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी सुमारे १७० किलोमीटरची शर्यत २००३ मध्ये सुरू झाली. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अॅथलेटिक्स महासंघाने या प्रकाराला मान्यता दिली आणि २०२२ मध्ये थायलंडमधील चिआंग माई येथे पर्वतीय व पायवाट धावण्याची पहिली संयुक्त जागतिक स्पर्धा भरली. भारतातही हिमालयापासून सह्याद्रीपर्यंत अशा धावण्याला चाहते लाभत आहेत.

या क्रीडाप्रकाराला क्रीडांगण बांधावे लागत नाही. मात्र त्याला जे क्रीडांगण हवे असते ते बहुधा संरक्षित वनात असते. तेथे अन्य सजीवांचा अधिवास असतो आणि परिसरातील गावांची उपजीविकाही त्याच वनाशी जोडलेली असते. म्हणूनच रानातील पायवाट कोणी, केव्हा आणि किती वापरावी, हा प्रश्न क्रीडा, पर्यावरण व ग्रामीण विकास या तिन्ही क्षेत्रांना स्पर्श करतो. पश्चिम बंगालमधील सिंगालीला पर्वतरांग हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

सिंगालीलाची वाट

दार्जिलिंग जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेला लागून ही रांग पसरली आहे. येथील वनाला १९८६ मध्ये अभयारण्याचा आणि १९९२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उद्यानाचे क्षेत्र अवघे ७८.६० चौरस किलोमीटर आहे. रांगेवरील संदकफू हे ३,६३६ मीटर उंचीचे ठिकाण पश्चिम बंगालमधील सर्वोच्च स्थान होय. निरभ्र दिवशी येथून एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से व मकालू ही जगातील पाच सर्वोच्च शिखरांपैकी चार शिखरे दिसतात.

मुख्य वाट मानेभंज्यांग या सुमारे १,९०० मीटर उंचीवरील गावातून निघते. टोंगलू, गैरीबास व कालपोखरी या ठिकाणांवरून ती सुमारे ३१ किलोमीटरनंतर संदकफूला पोहोचते. पुढे माथ्यावरूनच सुमारे २१ किलोमीटरवर फालुट लागते. तेथून एक वाट गोर्खे गावाकडे उतरून रम्माम व श्रीखोलामार्गे रिंबिकला जाते. या प्रवासात ओक व मॅग्नोलियाची वने, बांबूची दाट बेटे, ऱ्होडोडेंड्रॉनचे पट्टे आणि शेवटी सूचिपर्णी वृक्ष, असे वनस्पतींचे बदलते थर क्रमाने दिसतात. उंचीनुसार वनस्पती कशा बदलतात, हे समजून घेण्यासाठी ही वाट उत्तम पाठ ठरावी.

१९९१ मध्ये याच परिसरात पाच दिवसांत १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर धावण्याची टप्प्याटप्प्यांची शर्यत सुरू झाली. देशातील डोंगरी धावण्याच्या आरंभीच्या उपक्रमांत तिची गणना होते. उल्लेखनीय बाब म्हणजे शर्यतीसाठी नवी वाट खोदावी लागली नाही. गुराखी, व्यापारी, वनरक्षक व सीमेवरील गावकरी यांच्या ये-जा करण्याने मळलेल्या वाटाच धावपटूंनी वापरल्या. मानेभंज्यांग ते संदकफू हा मार्ग मोटारींनाही खुला असून १९५० च्या दशकातील लँड रोव्हर गाड्या त्यावर दीर्घकाळ धावत राहिल्या. पायी चालणारे, धावणारे आणि वाहनाने येणारे असे तिन्ही प्रकारचे पर्यटक एकाच अरुंद माथ्यावर एकवटतात, ही येथील खरी अडचण आहे.

पाऊल आणि माती

पायवाटेची झीज कशी होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. सततच्या पावलांनी माती घट्ट दबते आणि तिच्यातील सूक्ष्म पोकळ्या नाहीशा होतात. त्यामुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरण्याऐवजी वाटेवरून वाहू लागते. उतार तीव्र असेल तर हे पाणी मातीचा थर खरवडून नेते आणि वाटेची घळ बनते. घळीतून चालणे गैरसोयीचे झाले की लोक कडेने नवी वाट पाडतात. अशा रीतीने एका वाटेच्या अनेक समांतर वाटा होतात आणि उघड्या जमिनीचा पट्टा रुंदावत जातो. धावपटू पुढच्याला ओलांडण्यासाठी वाटेच्या बाहेर पाऊल टाकतात आणि उतारावर वेग आवरताना माती अधिक उकरतात; म्हणून गर्दीच्या शर्यतीत ही प्रक्रिया वेग घेते.

या विषयाच्या अभ्यासातून एक महत्त्वाचा निष्कर्ष पुढे आला आहे. अस्पर्शित जमिनीवर पहिल्या काही पावलांनीच सर्वाधिक हानी होते. त्यानंतर वापर वाढला तरी हानी त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून गर्दी अनेक नव्या वाटांवर पसरवण्यापेक्षा ती मोजक्या, नीट बांधलेल्या वाटांवर एकवटणे हितकारक ठरते. वाट थेट उतारावर न नेता नागमोडी वळणांनी नेणे, सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आसपास राखणे आणि ठरावीक अंतरावर आडवे दगड किंवा ओंडके बसवून पाणी बाजूला काढणे, हे साधे उपाय आहेत. डोंगरी गावांतील दगडी पायऱ्यांच्या वाटांत हे ज्ञान पूर्वापार दिसते.

तांबड्या पांडाचे घर

सिंगालीलाचे सर्वांत मोलाचे धन म्हणजे तांबडा पांडा. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश असून जागतिक लाल यादीत तो संकटग्रस्त वर्गात मोडतो. हा वृक्षवासी, एकांतप्रिय प्राणी मुख्यतः बांबूच्या पानांवर जगतो. बांबूच्या पानांत पोषणमूल्य अल्प असल्याने त्याला दिवसातील बराच काळ खाण्यात घालवावा लागतो. वारंवार दचकून पळावे लागल्यास खर्च झालेली ऊर्जा भरून काढणे त्याला सोपे नसते. चालणाऱ्या गटाची चाहूल लांबून लागते. धावपटू मात्र वेगाने आणि फारसा आवाज न करता जवळ येतो. वन्यप्राण्यांच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक नाही.

दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू हिमालयीन प्राणिउद्यानात तांबड्या पांडांचे प्रजनन केले जाते. तेथे जन्मलेल्या दोन माद्या २००३ मध्ये सिंगालीलाच्या वनात सोडण्यात आल्या आणि २०२२ नंतर हा उपक्रम पुन्हा हाती घेण्यात आला. पिंजऱ्यात वाढवलेला प्राणी वनात सोडण्यामागे वर्षानुवर्षांचे परिश्रम असतात. ते वन शांत राहिले तरच त्या परिश्रमांना अर्थ उरतो.

या दृष्टीने उद्यानाचे वेळापत्रक अर्थपूर्ण आहे. १६ जून ते १५ सप्टेंबर या काळात उद्यान पर्यटकांसाठी बंद असते. हिमालयात तांबड्या पांडाची पिल्ले साधारणतः जून-जुलैत जन्मतात आणि याच काळात ओली माती पावलांनी सर्वाधिक खचते. एकाच नियमाने प्राणी व वाट या दोहोंना विश्रांती मिळते.

कायद्याची चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध आहेत. कलम २८ नुसार वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन आणि तेथील रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार अशा हेतूंसाठी मुख्य वन्यजीव रक्षक परवाना देऊ शकतात. कलम ३५ अन्वये या तरतुदी राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होतात. क्रीडास्पर्धा हा स्वतंत्र हेतू या मूळ यादीत आढळत नाही. ती पर्यटनाच्या छत्राखालीच येते. एकटा पदभ्रमणकर्ता आणि एकाच सकाळी सुटणारे शेकडो धावपटू यांतील भेद या कलमात नाही. तो भेद करण्याची जबाबदारी व्यवस्थापन आराखड्यावर येते. केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाने २०२१ मध्ये वन व वन्यजीव क्षेत्रांतील शाश्वत निसर्ग पर्यटनासाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. याखेरीज वन हक्क अधिनियम, २००६ मुळे वनालगतच्या गावांचे हक्क व संवर्धनातील त्यांचा अधिकार यांनाही कायद्याचे अधिष्ठान मिळाले आहे.

वहनक्षमता : संकल्पना आणि गणित

एखादे क्षेत्र कायमस्वरूपी हानी न होता किती माणसांचा भार सोसू शकते, याला वहनक्षमता म्हणतात. ती तीन पायऱ्यांनी काढली जाते. जागेच्या मापावरून निघते ती भौतिक वहनक्षमता. त्यातून पाऊस, धूप, प्रजननकाळ यांसारख्या मर्यादा वजा केल्या की वास्तविक वहनक्षमता मिळते. उपलब्ध कर्मचारी व सोयी विचारात घेतल्यावर उरते ती परिणामकारक वहनक्षमता.

समजा, एक वाट ८ किलोमीटर लांब आहे, गट दहा जणांचा आहे आणि दोन गटांत ४०० मीटर अंतर हवे आहे. वाटेवर एका वेळी २० गट, म्हणजे २०० माणसे मावतील. ही भौतिक क्षमता झाली. धूप व अधिवास यांमुळे वाटेचा चौथा भाग टाळावा लागला, तर संख्या १५० वर येते. देखरेखीसाठी आवश्यक मनुष्यबळापैकी निम्मेच उपलब्ध असेल, तर परिणामकारक क्षमता ७५ ठरते. परवान्यांची संख्या या शेवटच्या आकड्यावरून ठरली पाहिजे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ती मागणीवरून ठरते.

वाट बंद करणे हा उपाय आहे काय?

उत्तराखंडमधील नंदादेवीचा अनुभव येथे मार्गदर्शक ठरतो. १९७४ मध्ये हे क्षेत्र परदेशी गिर्यारोहकांना खुले झाले. मोहिमांच्या गर्दीने कचरा व वृक्षतोड वाढली. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाल्यावर अंतर्भागातील प्रवेश बंद करण्यात आला. निसर्गाला त्याचा लाभ झाला. परंतु लाता, रेणी यांसारख्या गावांतील भोटिया समाजाची भारवाहक व वाटाड्या म्हणून होणारी मिळकत आणि चराईचे हक्क संपुष्टात आले. त्यातून १९९८ मध्ये 'झपटो छीनो' आंदोलन उभे राहिले. २००३ मध्ये उद्यानाचा मर्यादित भाग नियंत्रित पदभ्रमणासाठी खुला झाला. अनिर्बंध प्रवेशाने वनाची हानी झाली आणि संपूर्ण बंदीचा भार गावांनी सोसला, हा या घटनाक्रमाचा बोध होय.

सिंगालीलात पर्यटकांना स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा लागतो. त्यामुळे वाटेवरील तरुणांना रोजगार मिळतो आणि वनात डोळस देखरेखही राहते. घरगुती निवासव्यवस्थेतून महिलांच्या हाती उत्पन्न येते. महाराष्ट्रातील कास पठारावरही फुलांच्या हंगामात पर्यटकांची दैनंदिन संख्या मर्यादित ठेवून स्थानिक समित्यांच्या सहभागाने व्यवस्थापन केले जाते. मर्यादा आणि मिळकत यांची सांगड घालता येते, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

धावपटूंच्या सुरक्षिततेचा विचारही याच आराखड्यात हवा. ३,६०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. २,५०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर घाईने गेल्यास डोकेदुखी, मळमळ व धाप अशी विकाराची लक्षणे दिसू शकतात आणि दुर्लक्ष केल्यास ती जीवघेणी ठरू शकतात. बचावकार्यासाठी प्रथम धावून येतो तो स्थानिक माणूसच. त्याचे प्रशिक्षण व विमा यांची तरतूद स्पर्धेच्या शुल्कातून होणे न्याय्य ठरेल.

पुढील दिशा

रानातील धावण्याच्या मार्गांसाठी काही किमान अटी आवश्यक वाटतात. स्पर्धा अस्तित्वात असलेल्या वाटांवरच व्हावी. धावपटूंना लहान गटांत, अंतर राखून सोडावे. पहाटे व संध्याकाळी, वन्यप्राण्यांच्या संचाराच्या वेळी वाट मोकळी ठेवावी. स्पर्धेपूर्वी व नंतर वाटेची रुंदी व धूप मोजून नोंद ठेवावी. शुल्काचा निश्चित हिस्सा वाटेच्या दुरुस्तीसाठी आणि गावाच्या समितीसाठी राखून ठेवावा. या अटींसाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. गरज आहे ती नियमित मोजमापाची आणि स्थानिक समाजाला निर्णयात स्थान देण्याची.

डोंगरातील पायवाट ही सर्वांत स्वस्त आणि निसर्गाला सर्वांत कमी जाच करणारी विकाससुविधा आहे. तिच्यावरून मुले शाळेत जातात, रुग्ण खाली आणले जातात, वनरक्षक गस्त घालतात आणि आता धावपटूही येतात. धावपटू वर्षातून काही दिवसांचा पाहुणा असतो. गाव व वन यांना मात्र ती वाट बाराही महिने हवी असते. वाटेच्या वापराचे नियम ठरवताना हा क्रम ध्यानात राहिला, तर क्रीडा व संवर्धन यांची वाटचाल एकाच पायवाटेवरून होऊ शकेल.