कोणत्या राजाची गाडी?

दुसऱ्या महायुद्धाआधीची रोल्स-रॉइस रस्त्याकडेला उभी दिसली की माणसं जमतात, मोबाइल निघतात आणि पहिला प्रश्न हमखास येतो, ‘कोणत्या राजाची?’ मालकाकडे उत्तर तयारच असतं. ते त्याला मागच्या मालकानं सांगितलेलं असतं, त्याला त्याच्या आधीच्यानं, आणि या साखळीच्या मुळाशी बहुतेक वेळा एक दलाल सापडतो. ‘महाराजांची गाडी’ म्हटलं की किंमत चढते, हे त्यानं बरोबर ओळखलेलं असतं. जुन्या गाड्यांची कुळी शोधणं हे माझं काम. गाडीवरचे आकडे, आतलं लाकूड, रंगाचे थर आणि विलायतेतले कागद एकमेकांशी ताडून बघायचे आणि ही गाडी कुणाकुणाच्या हातून आपल्यापर्यंत आली हे मालकाला लिहून द्यायचं.

पुण्याजवळच्या एका गॅरेजमध्ये आलेली २०/२५ या कामाचा चांगला नमुना आहे. रोल्स-रॉइसनं १९२९ ते १९३६ या काळात डर्बीच्या कारखान्यात या मॉडेलच्या ३,८२७ चासी तयार केल्या. सहा सिलिंडर, ३,६६९ सीसीचं इंजिन. कंपनीच्याच फँटम मॉडेलपेक्षा आकारानं लहान, शोफर न ठेवता स्वतः गाडी चालवणाऱ्या मालकालाही झेपेल अशी. आमच्यासमोरची गाडी उघडी टूरर होती, वरून मलई रंगाची, आणि घरात पिढीजात सांगितली जाणारी गोष्ट अशी, की एका संस्थानिकानं ती लग्नासाठी थेट लंडनहून मागवली होती. कोणता संस्थानिक, यावर घरातच दोन मतं होती.

काम सुरू होतं ते चासी क्रमांकापासून. बॉनेट उघडलं की इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या पत्र्यावर कंपनीची पाटी असते. पण पाटी स्क्रू काढले की हलते, म्हणून माझा भरवसा फ्रेमवर ठोकलेल्या आकड्यावर. त्यावर तेल आणि धुळीची वर्षानुवर्षांची खपली धरलेली असते. आधी रॉकेलची चिंधी, मग पितळी तारांचा ब्रश. लोखंडी ब्रश मी कुणाला लावू देत नाही, त्यानं अंकांच्या कडा मरतात. विजेरी समोरून मारली तर काहीच दिसत नाही. ती बाजूनं, लोखंडाला जवळजवळ टेकवून धरायची, म्हणजे ठोशाच्या खाचेत सावली पडते. तरीही अंक लागला नाही तर खडूची भुकटी बोटानं घासायची. त्या दिवशी आधी तीन अक्षरं उमटली, मग दोन अंक. २०/२५ची पद्धत तशीच आहे: पुढे ‘जी’पासून सुरू होणारी अक्षरं, मागे आकडा. हातानं ठोकलेले अंक किंचित वरखाली होतात, एखादा जास्त खोल जातो. ओळ फारच सरळ असेल किंवा भोवतालचं लोखंड घासून गुळगुळीत झालेलं असेल, तर मी संशय घेतो. इथं तसं नव्हतं. एक गोष्ट मुद्दाम सांगतो: त्या काळात कंपनीनं चासीला १३ हा आकडा दिलाच नाही. कुणी ‘१३ नंबरची’ चासी दाखवायला लागला तर व्यवहार तिथंच थांबवावा.

बॉनेटवरच्या परीवर मात्र विसंबू नये. चार्ल्स साइक्स या शिल्पकारानं ती १९११मध्ये घडवली. गुडघ्यावर बसलेली परी १९३४पासून मिळू लागली. त्यामुळे १९३०च्या गाडीवर बसलेली परी दिसली तर ती मागाहून आली आहे एवढं नक्की कळतं. पण परी चोरीला जाते, बक्षीस दिली जाते, बाजारात नवीही मिळते. तिच्यावरून गाडी ओळखायला जाऊ नये.

आता बॉडी. ती काळजीपूर्वक वाचावी लागते, कारण युद्धाआधीची रोल्स-रॉइस एका कारखान्यातून पूर्ण होऊन बाहेर पडतच नसे. कंपनी फक्त चासी विकायची: फ्रेम, इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, रेडिएटर. ती चासी बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली यांच्यासारख्या कोचबिल्डरकडे जायची आणि तिथं गिऱ्हाइकाच्या पसंतीची बॉडी चढायची. बॉडीसकट पूर्ण गाडी रोल्स-रॉइस विकू लागली ती युद्धानंतर. म्हणून अशा प्रत्येक गाडीला दोन क्रमांक, दोन कारखाने आणि दोन इतिहास असतात. चासीचा इतिहास खरा निघाला म्हणून बॉडीचाही खरा ठरत नाही.

आमच्या गाडीच्या दाराच्या उंबऱ्यावर लंडनच्या एका नामांकित कोचबिल्डरची पाटी होती. तिच्यावरची अक्षरं अस्सल होती, झीजही बरोबर होती. पण ती बसवली होती स्टार स्क्रूंनी. असे चारपाती खाचेचे स्क्रू मोटारींच्या कारखान्यांत आले ते १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात, तेही अमेरिकेत. लंडनचा कारागीर सरळ एका खाचेचे स्क्रू वापरायचा. म्हणजे पाटी खरी, पण या दारावर ती नंतर कुणीतरी लावलेली. मग सीटा काढल्या, फळ्या उचलल्या, दाराच्या आतलं अस्तर सोडवलं. विलायती बॉडीचा सांगाडा अ‍ॅश लाकडाचा असतो आणि लाकडांच्या तुकड्यांवर, सीटच्या चौकटीवर बॉडीचा क्रमांक ठोकलेला किंवा पेन्सिलनं लिहिलेला सापडतो. इथं क्रमांक कुठंच नव्हता. गॅरेजमधल्या सुतारकाकांनी पटाशीनं एका कोपऱ्यातून नखाएवढी कपची काढली, नाकाजवळ नेली आणि म्हणाले, ‘‘साहेब, हा आपला साग आहे.’’ पूर्ण सांगाडा सागवानी होता. सांधे उत्तम, हात कसलेला, पण हात इथला.

रंगानंही तेच सांगितलं. रंग वाचायला बिजागरीमागची जागा बघावी, तिथं पुन्हा रंग मारणारे आळस करतात. साबणाचं पाणी आणि बारीक वॉटर पेपर घेऊन रुपयाएवढं वर्तुळ हलक्या हातानं घासत गेलं की थर कडेनं एकेक उघडे पडतात. मलईखाली मरून निघाला, त्याखाली लांबीचा करडा थर, मग हिरवा, मग प्रायमर आणि सरळ पत्रा. इंजिन आणि चालकामधला जुना पत्रा चासीबरोबर आलेला. त्याच्या कडेला मात्र हिरव्याच्याही खाली काळा रंग होता. चासी काळ्या रंगाच्या एका गाडीत होती आणि ही हिरवी बॉडी तिच्यावर नंतर चढली, हे त्या छोट्याशा काळ्या कडेवरून उमगलं.

गाडीची साक्ष संपली की कागद मागवायचे. इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टनशरमधल्या हंट हाउस इथं रोल्स-रॉइस एन्थुझिअ‍ॅस्ट्स क्लबचं दप्तर आहे. जुन्या चासींची कार्डं तिथं जपलेली आहेत आणि फी भरून त्यांच्या नकला मिळतात. पहिला गिऱ्हाईक कोण, चाचणी कधी झाली, बॉडी कुणाकडे आणि कोणत्या प्रकारची, गाडी कुठं वापरणार, स्प्रिंगा किती वजनाच्या हिशेबानं, असं बरंच काही त्यांत नोंदलेलं असतं. आमच्या कार्डावर बॉडीचा प्रकार होता ‘सलून’, म्हणजे बंद गाडी. पहिला मालक मुंबईत व्यापार करणारा एक इंग्रज. राजा कुठंच नव्हता.

मालकांनी नक्कल दोनदा वाचली आणि विचारलं, ‘‘मग वडिलांना हे सांगितलं कुणी?’’ ते कळायला मार्ग नाही, पण अशा गोष्टी कशा जन्मतात हे कळतं. १९४७ ते १९४९ या काळात संस्थानं विलीन झाली, १९७१मध्ये तनखे बंद झाले. राजवाड्यांच्या मोटारखान्यांतून गाड्या बाहेर पडल्या, काही भंगारात, काही सिनेमावाल्यांकडे, अनेक परदेशी संग्राहकांकडे गेल्या. त्या वर्षांत प्रत्येक जुन्या गाडीच्या मागे एखादा राजा लावून देणं अगदी सोपं होतं. खऱ्या संस्थानी गाड्या आहेतच. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला आजही दसरा चौकात सीमोल्लंघनासाठी येते. ती त्या घराण्याच्या ताब्यातून कधी गेलीच नाही, म्हणून तिला कुणाच्या सांगीवांगीची गरज पडत नाही.

गोष्ट गोड असली की जाणकारही फसतात. बेंटलीचे अध्यक्ष आणि रेसर वूल्फ बार्नाटो यांनी मार्च १९३०मध्ये कानहून निघणाऱ्या ‘ब्लू ट्रेन’ या आगगाडीशी पैज लावली. ट्रेन कॅलेला पोचण्याआधी आपण लंडन गाठू, असं ते म्हणाले, आणि चार मिनिटं राखून त्यांनी ते करून दाखवलं. पुढे अनेक दशकं सगळे मानत राहिले, की ही शर्यत गर्नी नटिंगनं बॉडी बांधलेल्या, उतरत्या छपराच्या सुंदर कूपेनं जिंकली. टेरेन्स क्युनिओ या चित्रकारानं ट्रेनशी स्पर्धा करणारी तीच कूपे रंगवली. पुढे कोणीतरी नोंदी उघडून पाहिल्या. ती कूपे बार्नाटोंच्या ताब्यात आली मे महिन्यात, शर्यतीनंतर दोन महिन्यांनी. शर्यतीत होती एच. जे. मलिनरच्या बॉडीची साधी, चौकोनी स्पीड सिक्स सलून. आख्यायिका कूपेला चिकटली, कारण दिसायला ती तशी होती.

उलट उदाहरणही बेंटलीचंच आहे. ‘ओल्ड नंबर वन’ या स्पीड सिक्सनं १९२९ आणि १९३०ची ल माँ शर्यत जिंकली. नंतर तिचं इंजिन बदललं, १९३२मध्ये ब्रुकलँड्सला क्लाइव्ह डन्फी यांचा तिच्यात अपघाती मृत्यू झाला, पुढे तिला कूपेची बॉडी बसली. १९९०मध्ये ती सुमारे १ कोटी पौंडांना विकायचं ठरल्यावर खरेदीदारानं हात आखडता घेतला. ल माँ जिंकलेले भाग तिच्यात उरलेच किती, असा त्याचा मुद्दा होता. लंडनच्या न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूनं दिला. भाग बदलत गेले तरी त्या गाडीचं अस्तित्व सलग राहिलं आणि प्रत्येक बदलाचा माग लागतो, म्हणून ती ‘ओल्ड नंबर वन’च, असं त्यांनी धरलं. माझ्या कामाची कसोटी मी या निकालातून घेतली आहे. बदल झाला यात कमीपणा नाही. बदल कधी, कुठं, कुणी केला हे सांगता आलं पाहिजे, आणि सांगता येत नसेल तर तिथं कोरी जागा सोडता आली पाहिजे.

म्हणून आमच्या २०/२५च्या फाइलमध्ये मी असं लिहिलं: चासी मूळची, पहिला मालक मुंबईतला व्यापारी, मूळ बॉडी काळी सलून, ती आज नाही. सध्याची टूरर बॉडी भारतात बांधलेली, सागवानी, मूळ रंग हिरवा, कारागीर अज्ञात. उंबऱ्यावरची पाटी दुसऱ्या गाडीची, ती काढून वेगळी ठेवावी. दलालाच्या हिशेबानं या चार ओळींनी किंमत उतरली असेल. माझ्या मते आता कुठं तिला किंमत आली. लंडनची सलून जगात शोधली तर दुसरी मिळेल. पण आपल्या एखाद्या सुतारानं चासीचं माप घेऊन, हातानं सांधे जुळवून सागात उभी केलेली टूरर हा आपल्या कारागिरीचा पुरावा आहे. तिच्यावर परक्याची पाटी मारून आपण आपल्याच माणसाचं नाव पुसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

हे शोधकाम आता नुसत्या हौसेपुरतंही राहिलेलं नाही. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मात्र गाडी मूळ रूपात जपलेली असावी, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. रंगकामाच्या भरात ग्राइंडर लावून चासीवरचा आकडा साफ करणारी गॅरेजं मी पाहिली आहेत. तो आकडा गेला की पुढचा कोणताच कागद जोडता येत नाही.

एक विनंती, गाडीमालकांना नव्हे, इतर सगळ्यांना. कुणाचे आजोबा शोफर होते, कुणाचे पेंटर, कुणाचे सुतार. कुणी एखाद्या लग्नात भाड्याच्या गाडीशेजारी फोटो काढून घेतला असेल. पेटीत असा फोटो, जुनं आरसी बुक, विम्याचा कागद किंवा गॅरेजचं बिल निघालं, तर रद्दीत घालू नका. गाडीचा नंबर, गाव आणि आठवेल ते साल एका कागदावर लिहून त्यासोबत जोडा, फोटोच्या मागे शाईनं लिहू नका, आणि त्या गाडीचा आजचा मालक माहीत असेल तर त्याला एक प्रत पाठवा.