पेजेला तोंडीलावणं काय?

वाचकहो, तापातून उठलेल्या माणसाला तुमच्या घरी पहिलं काय देतात? पेण, अलिबाग, रोह्याकडचे असाल तर उत्तर विचारायलाच नको. पेज. ताज्या तांदळाची, मिठाचा खडा टाकलेली, वरची निवळ आधी प्यायची आणि खालची शितं मागाहून. तोंडाला चव नसते म्हणून सोबत निखाऱ्यावर भाजलेला पोह्याचा पापड, नाहीतर खारातल्या आंब्याची फोड. चव येते ती पहिली त्या फोडीनं. मग माणूस उठून बसतो.

मी शेती खात्याचा माणूस. खत, बियाणं, पंचनामे, पीक पाहणी यांत आमचा जन्म जातो. तेव्हा कृषी पदविका घेऊन हा गडी स्वयंपाकघरात कशाला शिरला, असं आपण म्हणाल. पण गेली काही वर्षं रामवाडीला एस.टी.तून उतरून खारेपाटातल्या गावांत फिरताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. घरोघरी पेज अजून आहे, पण पेजेचा तांदूळ शेतात नाही. तोंडीलावणं ताटात आहे, पण ते दुकानातून आलेलं आहे. जे आपल्या जिभेला हवंहवंसं वाटतं तेच आपण पेरायचं सोडून दिलं, म्हणून हा लेख.

पेजेला तांदूळ कसा लागतो ते आधी सांगतो. बारीक, पांढराशुभ्र, गिरणीत पॉलिश झालेला तांदूळ भाताला चांगला, पाहुण्यापुढे मान मिळवणारा. त्याची पेज मात्र पाणचट होते. पेजेला जाड तांदूळ हवा, जमलं तर लालसर, वरचा कोंडा थोडा शिल्लक राहिलेला. तो सावकाश शिजतो, पाण्याला दाटपणा आणि रंग देतो, पोटात टिकतो. लावणीच्या दिवसांत सकाळी पेज पिऊन गेलेली बाई दुपारपर्यंत चिखलात वाकून उभी राहते, ती त्या जाड तांदळाच्या जिवावर.

आपल्या खारेपाटात हा तांदूळ म्हणजे राता. भुरा राता, काळा राता अशी त्याची भावंडं. समुद्राच्या भरतीला बांध घालून मिळवलेल्या जमिनीत मिठाचा अंश राहतोच, आणि ते मीठ सोसणारं हे भात. जुन्या काळी बांध घालणाऱ्यानं तो राखायचा आणि त्याबद्दल शेतकऱ्यांकडून धान्य घ्यायचं, अशी शिलोत्री पद्धत या भागात होती. पुढे १९४८ साली खारभूमीचा कायदा आला, १९७९ साली नवा आला, बांधाची जबाबदारी सरकारकडे गेली. बांधाचं काय झालं ते खारेपाटातल्या वाचकाला मी सांगायला नको. उधाण येतं, खांड पडते, खारं पाणी आत शिरतं, आणि एकदा शिरलं की दोन-तीन पावसाळे जमीन धुवावी लागते.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. खाडीलगतच्या एका गावात एक आजी आणि तिचा मुलगा राता लावायचे. मी गेलो, बांधावर उभा राहिलो, पुस्तकात शिकलो होतो तसं बोललो. "दादा, हे जुनं भात किती दिवस लावणार? उतारा बघा, भाव बघा." त्यांनी माझ्या शब्दावर तीन खाचरांत बारीक दाण्याचं सुधारित वाण लावलं. एका खाचरात आजीनं हट्टानं राताच ठेवला. "पेजेपुरता राऊ दे," एवढंच म्हणाली. श्रावणात उधाणाला बांध फुटला. पाणी ओसरल्यावर पाहायला गेलो तर तीन खाचरं करपलेली, आणि एक हिरवं. आजी मला काही बोलली नाही. मुलगा म्हणाला, "साहेब, तुमचा तांदूल गेला, आमची पेज र्‍हायली." पंचनामा मीच केला. हात कसा चालला ते माझं मला ठाऊक.

याचा अर्थ सुधारित वाण वाईट असा कुणी घेऊ नये. वाण जमिनीला जुळलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ, आणि ते मी तेव्हा पाहिलं नव्हतं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं खाऱ्या जमिनीसाठीच पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही वाणं काढली. गंमत बघा, त्यातलं पनवेल-१ हे आयआर-८ आणि आपल्याच भुऱ्या रात्याच्या निवडीचा संकर करून तयार झालं. म्हणजे आजीच्या खाचरातलं भात शास्त्रज्ञांना हवं होतं, फक्त मला नको होतं. माझ्या शेजारच्या टेबलाला हे माहीत होतं, पण विचारायची बुद्धी झाली नाही.

असो. आता तोंडीलावण्याकडे वळू, कारण खरी चव तिथं आहे आणि, शेतकरी बंधूंनो, खरा पैसाही तिथंच आहे. साधारण भाताचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला २३६९ रुपये धरला गेला. क्विंटलभर भात भरडलं की दोन तृतीयांशाच्या आसपास तांदूळ हाती येतो. आता त्या तांदळाशेजारी ताटात जे चिमूटभर असतं त्याचा किलोचा भाव काढा. कडवे वाल, सुकवलेला जवळा, पोह्याचे पापड, पांढरा कांदा. कुठलंही घ्या, तांदळाच्या पुढेच आहे.

सुकटीचं सगळ्यांना ठाऊक आहे. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणून मे महिन्यात आगोट भरायची. डाळी, मसाला, मीठ, लाकडं आणि सुके बोंबील, जवळा, करदी. जवळा तव्यावर कोरडा भाजायचा, पाखडायचा, म्हणजे वाळू आणि मिशा जातात. मग कांदा, लाल तिखट, लसूण आणि कैरी नाहीतर आमसूल. आंबट घातल्याशिवाय त्याचा उग्रपणा मोडत नाही. पेजेसोबत याच्याइतकं जमणारं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही. वाळवणारे रस्त्याच्या कडेला, धुरळ्यात पसरतात ते मात्र बघवत नाही. बांबूच्या मांडवावर, जमिनीपासून वर वाळवलेला माल स्वच्छ राहतो आणि भावही जास्त मिळतो.

पेणचे पापड म्हटले की गावोगावचे लोक ओळखतात. गणपती आणि पापड, पेणची दोन्ही नावं बायकांच्या आणि कारागिरांच्या हातांवर उभी आहेत. भात गरम पाण्यात भिजवायचं, भट्टीत भाजायचं, चेपायचं, झाले पोहे. त्या पोह्यांचं पीठ, हिरवी मिरची, हिंग, मीठ आणि पापडखार. पीठ कुटून कुटून असं मऊ करायचं की लाटी लाटताना कड फाटू नये. त्याच पिठाची मिरगुंडं. पापडखार जास्त पडला तर पापड फुलतो खरा, पण जिभेवर चरचरतो आणि ठेवल्यावर लालसर पडतो. नवीन गटाच्या भगिनींनी इथं अंदाजानं काम करू नये, वजन करावं. आणि लाटणाऱ्या बायकांना अजून मजुरी नगावर किंवा किलोवर मिळते. एप्रिल-मेच्या उन्हात पाट मोडेपर्यंत बसायचं आणि अवकाळी पाऊस आला तर वाळवण उचलायला धावायचं. महामार्गावर गाडी थांबवून चार पाकिटं घेणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. दिसावं अशी अपेक्षाही नाही, पण पाकिटावर गटाचं नाव, वजन आणि तारीख असली तर पुढच्या वेळी तो तेच नाव मागतो. एवढं तरी आपल्या हातात आहे.

पांढऱ्या कांद्याचं उदाहरण त्यासाठीच घ्या. अलिबाग तालुक्यात भात निघालं की कांद्याची रोपं लावतात, फेब्रुवारी-मार्चला काढणी, मग पातीसकट वेण्या विणून माळा करायच्या. तिखटपणा कमी, गोडसर, पेजेसोबत फोडून खाल्ला तर डोळ्यांत पाणी येत नाही. या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तरी कुठलाही पांढरा कांदा माळेत गुंफून "अलिबागचा, अलिबागचा" म्हणून खपवणारे आहेतच. मानांकनाचा कागद घरात ठेवून भागत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून शेतकऱ्यानं स्वतःची नोंद करावी लागते.

आता वाल. इथं मी जरा रेंगाळणार आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

कडव्या वालाचं बिरडं ही आपल्याकडची खरी मेजवानी. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड काढायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. आख्खी दुपार जाते. सोललेला दाणा अख्खा राहिला पाहिजे, शिजवताना मोडता कामा नये, नारळाचं वाटण आणि आमसूल शेवटी. मऊ भातावर पातळ बिरडं घातलं की दुसरं काही लागत नाही. आणि शेंगा हिरव्या असताना, थंडीत, पोपटी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, कुणी कोंबडी. मडकं उपडं करून भोवती जाळ. पोपटीची जाहिरात मुंबईपर्यंत गेली आहे, शेतघरवाले थंडीत त्यावर गिऱ्हाईक आणतात.

पण वाल पेरतो कोण? पंधरा वर्षांपूर्वी पेण ते नागोठणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात निघाल्यावर हिरवं दिसायचं, असं जुने लोक सांगतात. आज मधली मधली खाचरं हिरवी असतात, बाकी उघडी. कारण विचारलं की सगळीकडे एकच उत्तर: मोकाट गुरं. भात निघालं की गुरं सोडायची ही जुनी रीत. पूर्वी गावकी ठरवायची, अमुक तारखेपर्यंत गुरं बांधा, राखणदार ठेवा, मोडेल त्याला दंड. आता गावकीचं कोण ऐकतं? निम्म्या जमिनीचे मालक मुंबई-पनवेलला, काहींनी विकून टाकलेली. एकट्यानं वाल पेरला तर तो साऱ्या गावच्या गुरांचा चारा होतो. माझ्या पाहण्यातल्या एका गावानं तीन वर्षांपूर्वी ग्रामसभेत ठराव करून कोंडवाडा पुन्हा सुरू केला. पहिल्या वर्षी भांडणं झाली, दुसऱ्या वर्षी सहा जणांनी वाल पेरला, गेल्या वर्षी मोजणं मी सोडून दिलं.

दुसरं कारण ओल. वाल हे निव्वळ भाताच्या मागच्या ओलीवर येणारं पीक, पाणी द्यावं लागत नाही. पण कापणीनंतर भात झोडत, विकत, दिवाळीच्या गडबडीत पंधरा-वीस दिवस गेले की जमीन तडकते. मग नांगरट करायची म्हटलं तर उरलीसुरली ओल उडते. म्हणून नांगरू नका. कापणीमागोमाग बुंधे तसेच ठेवून टोकणी करा. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा तंत्रानं गादीवाफ्यावर बिगरनांगरणीचं भात आणि त्याच वाफ्यावर मागाहून वाल घेऊन दाखवला, तो कर्जतला जाऊन कुणीही पाहावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण वाल-१, कोकण वाल-२ ही वाणं आहेत. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम सावलीत चोळा. वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत धरतात, तेव्हा पुढच्या भाताचा युरिया थोडा वाचतो तो वेगळाच. घरची बिरड्याची चव राखायची असेल तर मात्र घरचंच कडव्या वालाचं बी घ्या.

जमीनच राहणार का, हा प्रश्न मला दर सभेत कुणीतरी विचारतं. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत सेझबद्दल शेतकऱ्यांचं मत घेण्यात आलं, ते आठवणारे अजून पुष्कळ आहेत. २०२४ साली उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं नवनगरासाठी जाहीर झाली. मी सरकारी नोकर, यावर माझं मत छापायला मला मुभा नाही. ज्याची जमीन हातात आहे, त्यानं या वर्षी त्यात काय पेरावं, एवढंच मी सांगू शकतो.

म्हणून पुन्हा रात्याकडे येतो. भाताचं बी आपल्या दमट हवेत फार टिकत नाही. एक वर्ष राखलं, दुसऱ्या वर्षी पेरलं नाही, तर उगवण घसरते. तिसऱ्या वर्षी ते कोंबडीला घालण्याच्या लायकीचं. गावात दोन घरं राता लावत असतील आणि दोन्ही घरांनी एकाच साली सोडला, तर तो गेला. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायचा, पेरायचा, दुसऱ्याला द्यायचा हक्क दिला आहे, फक्त कंपनीसारखं नाव छापून विकता येत नाही. तेव्हा अख्खं शेत नको, एक खाचर पुरे. पेजेपुरतं.

त्या आजी गेल्या वर्षी वारल्या. मुलगा राता अजून लावतो, आता दोन खाचरांत. मे महिन्यात त्यानं मला पायलीभर बी दिलं, आमच्या मंडळातल्या चार जणांना मूठमूठ वाटण्यासाठी. ज्यांनी नेलं त्यांनी, आणि घरचं बी वापरणाऱ्या सगळ्यांनीच, पेरणीआधी एवढं करावं. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा. त्यात बी ओता, ढवळा. वर तरंगेल ते पोचट, ते काढून टाका. तळाचं बी साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन चोवीस तास सावलीत वाळवा, मगच राबात टाका. मीठ घरात आहेच.