सेप्टिक टँक सारखा भरतोय? आधी न्हाणीघराचे पाणी वेगळे करा

एक ड्रम, थोडी खडी-वाळू आणि दोन व्हॉल्व्ह. घरच्या घरी टाकीवरचा भार कसा कमी करायचा? समजून घ्या सोप्या भाषेत

रविवारी सकाळी आठवड्याचे कपडे धुतले, पाठोपाठ सगळ्यांच्या आंघोळी झाल्या आणि दुपारी घरामागच्या चेंबरमधून वास यायला लागला. ड्रेनेज लाइन न पोहोचलेल्या वसाहतींत, रो-हाउसमध्ये आणि गावातल्या नव्या घरांत हा अनुभव अनेकांना येतो. मग टँकर बोलवायचा, पैसे मोजायचे आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच. अशा वेळी अनेकदा दोष टाकीचा नसतो, तिच्यात नको तेवढे पाणी जात असते.

गणित काय सांगते?

शहरी घरांसाठी माणशी रोज १३५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले जाते. त्यातले साधारण ४५ लिटर फ्लशसाठी. म्हणजे चौघांच्या घरात रोजच्या ५४० लिटरपैकी शौचालयाचे पाणी १८० लिटरच. उरलेले सुमारे ३६० लिटर प्रामुख्याने आंघोळ, कपडे आणि भांड्यांचे. शौचालय सोडून घरातल्या या सांडपाण्याला ग्रे वॉटर म्हणतात.

टाकी का तुंबते?

सेप्टिक टँकमध्ये मैला तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. यासाठी टाकीतले पाणी शांत राहायला हवे. वॉशिंग मशिन आणि न्हाणीघराचे पाणी एकदम आले की गाळ ढवळला जातो आणि पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो. तिथल्या मातीची छिद्रे बुजली की टाकी उपसूनही फार दिवस फरक पडत नाही.

घरच्या घरी यंत्रणा कशी कराल?

१. लाइन वेगळी करा: न्हाणीघर, वॉश बेसिन आणि वॉशिंग मशिनचा पाइप सेप्टिक टँकच्या आधीच तोडून घ्या. नव्या पाइपला दर १० फुटांना सुमारे अडीच इंच उतार द्या. शौचालयाचा पाइप यात कधीही जोडू नका.

२. दोन व्हॉल्व्ह बसवा: एक नव्या लाइनला, एक जुन्या. मुसळधार पावसात किंवा घरात कुणाला जुलाब होत असतील तेव्हा पाणी पुन्हा टाकीकडे वळवता येते.

३. जाळी आणि छोटा चेंबर: केस, धागे, साबणाचा गाळ इथेच अडतो. जाळी दर आठवड्याला साफ करा.

४. ड्रमची गाळणी: २०० लिटरच्या जुन्या ड्रममध्ये तळाशी जाड खडी, त्यावर बारीक खडी, मग नायलॉनची जाळी आणि वर जाड वाळू. पाणी वरून सोडा, तळातून बाहेर काढा. प्रवाह मंदावला की वाळूचा वरचा थर काढून धुवा.

५. पाणी झाडांना किंवा शोषखड्ड्याला: केळी, नारळ, कर्दळ यांच्या मुळाशी सोडा. जागा नसेल तर वेगळा शोषखड्डा करा. एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा दगडांनी भरला तरी त्यांच्या फटींत साधारण ३५० ते ४०० लिटर पाणी मावते.

स्वयंपाकघराचे पाणी सुरुवातीला टाकीकडेच राहू द्या. तेल आणि खरकट्यामुळे गाळणी लवकर तुंबते. ते जोडायचेच असेल, तर आधी तेल अडवणारा चेंबर हवा.

या चुका टाळा

• पाणी साठवू नका. २४ तासांच्या आत ते वापरले किंवा जिरले पाहिजे. नाहीतर दुर्गंधी आणि डास ठरलेले.
• पालेभाज्या, कोथिंबीर, मुळा, गाजर यांना हे पाणी नको. फवारूही नका.
• विहीर किंवा बोअरवेलपासून खड्डा किमान १५ मीटर लांब ठेवा.
• काळ्या चिकण मातीत पाणी सहज जिरत नाही. आधी फूटभर खड्डा खणून पाण्याने भरा. सकाळीही पाणी तसेच असेल, तर शोषखड्ड्याऐवजी झाडांचा पर्याय निवडा.
• कपड्यांचा साबण बेताने वापरा. त्यातला सोडियम साचला की माती कडक होते.

गावपातळीवर काय घडले?

नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे आणि डासांवर मात केली. सांडपाणी रस्त्यावर येणेच थांबले. पुढे हे खड्डे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखले जाऊ लागले. २०२० पासूनच्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यातही ग्रामीण भागातल्या सांडपाणी व्यवस्थापनावर भर आहे. त्यामुळे गावात घर असेल, तर काम काढण्याआधी ग्रामपंचायतीत चौकशी करा.

टाकी उपसावीच लागणार नाही का?

लागेल. मैल्याचा गाळ साचतच राहतो, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी उपसा हवाच. मात्र तो यंत्रानेच करून घ्या. टाकीतल्या विषारी वायूने काही क्षणांत जीव जाऊ शकतो आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ‘पाच मिनिटांचे काम आहे’ असे म्हणत कुणी उतरायला तयार झाला, तरी त्याला उतरू देऊ नका.